बारा फुटांच्या आत

रात्रीची वेळ. शांघायमधल्या एका घरात सशस्त्र टोळी लपल्याची खबर लागली आणि पोलिसांनी छापा घातला. आत शिरायची वाट एका अरुंद, अंधाऱ्या जागेतून जात होती. त्याच वाटेनं पोलीस गेले, आले. उजाडल्यावर अधिकारी जागेची पाहणी करायला परतले, तेव्हा त्या वाटेत आडव्या ताणलेल्या तारा त्यांना दिसल्या. उभ्या माणसाच्या बरोबर तोंडासमोर येतील अशा उंचीवर त्या होत्या. रात्री त्या कुणाला दिसल्या नव्हत्या आणि कुणाच्या तोंडावर लागल्याही नव्हत्या.

म्हणजे सगळेच्या सगळे वाकून चालले होते. तसा हुकूम कुणी दिला नव्हता. वाकलो होतो, हे त्यांच्यापैकी कुणाच्या ध्यानातही नव्हतं.

ही हकिकत विल्यम इवार्ट फेअरबर्न आणि एरिक अँथनी साइक्स या दोघांनी १९४२ साली निघालेल्या ‘शूटिंग टू लिव्ह’ या छोटेखानी पुस्तकात नोंदवली आहे. नेमबाजीच्या मैदानावर या पोलिसांना शिकवलं होतं ते अगदी वेगळं होतं. ताठ उभं राहायचं, हात लांब करायचा, एक डोळा मिटायचा, नळीवरच्या दोन्ही खुणा लक्ष्याशी जुळवायच्या, श्वास रोखायचा आणि चाप हलकेच मागे घ्यायचा. प्रत्यक्ष गाठ पडली तेव्हा अंग आपोआप वाकलं, गुडघे दुमडले, दोन्ही डोळे टक्क उघडे राहिले आणि मूठ घट्ट आवळली गेली. शिकवणं एकीकडे आणि शरीर दुसरीकडे, ही फारकत फेअरबर्नच्या लक्षात आली. याचं एक कारण असं, की तो पिस्तुलाकडे कुस्तीच्या आखाड्यातून आला होता.

फेअरबर्नचा जन्म १८८५ सालचा, इंग्लंडमधल्या हर्टफर्डशर परगण्यातल्या रिकमन्सवर्थचा. १९०१ मध्ये तो रॉयल मरीन दलात भरती झाला. कोरियात सोल इथल्या ब्रिटिश वकिलातीच्या पहाऱ्यावर त्यानं काम केलं आणि १९०७ मध्ये शांघाय म्युनिसिपल पोलीस दलात नोकरी धरली. नोकरीच्या सुरुवातीच्या काळातच एका बदनाम वस्तीत गुंडांच्या घोळक्यानं त्याला गाठून मरणाचं मारलं. इस्पितळातून बाहेर पडल्यावर तो ओकाडा नावाच्या जपानी शिक्षकाकडे जुजुत्सू शिकायला गेला, अशी त्याची कथा सांगितली जाते. पुढे टोकियोच्या कोडोकान या ज्युदोच्या मूळपीठाकडून त्यानं ब्लॅक बेल्ट मिळवला आणि दुसऱ्या ‘दान’ श्रेणीपर्यंत मजल मारली. जुजुत्सू, चिनी युद्धकला, बॉक्सिंग आणि रस्त्यावरची मारामारी या सगळ्यांतून कामाचे तेवढे डाव निवडून त्यानं स्वतःची पद्धत बसवली. तिला त्यानं ‘डिफेंडू’ हे नाव दिलं आणि १९२६ मध्ये त्याच नावाचं पुस्तकही काढलं.

आपल्याकडे तालमीत नव्या पोराला वस्ताद आधी पडायला शिकवतो. पडायचं कसं हे अंगात मुरलं, की पडण्याची भीती कमी होते आणि मग डावाकडे लक्ष लागतं. ज्युदोतही पहिला धडा पडण्याचाच असतो. अशा मुशीतून आलेल्या माणसानं नेमबाजीचा वर्ग पाहिला, तेव्हा तिथे भीतीला कुठे जागाच ठेवलेली नाही, हे त्याच्या नजरेत भरलं असलं तर नवल नाही.

त्यातून ते शहर शांघाय होतं. १९२० आणि ३० च्या दशकांतल्या शांघायच्या आंतरराष्ट्रीय वसाहतीत परकीय कंपन्या, बँका आणि गिरण्या होत्या. अफूचा चोरटा धंदा, खंडणीसाठी पळवापळवी आणि सशस्त्र दरोडे यांचाही तिथे सुळसुळाट होता. वसाहतीच्या पोलीस दलात ब्रिटिश अधिकारी होते, बहुसंख्य चिनी शिपाई होते आणि पंजाबातून आणलेले शीख शिपाईही होते. या दलानं साडेबारा वर्षांत गुन्हेगारांशी ६६६ सशस्त्र चकमकी केल्याची नोंद पुस्तकात आहे. यांपैकी ज्या चकमकींत पोलिसांनी पिस्तूल वापरलं, त्यांत ४२ पोलीस मेले आणि १०० जखमी झाले. गुन्हेगारांपैकी २६० ठार झाले आणि १९३ जखमी.

या दलाच्या बंदुका फक्त गुंडांवर रोखलेल्या नव्हत्या, हेही सांगायला हवं. ३० मे १९२५ रोजी लाउझा पोलीस ठाण्यासमोर जमलेल्या चिनी निदर्शकांवर वसाहतीच्या पोलिसांनी गोळीबार केला. त्यात निःशस्त्र माणसं मेली, विद्यार्थी मेले आणि साऱ्या चीनमध्ये संतापाची लाट उसळली. चीनच्या राष्ट्रीय चळवळीत ही तारीख आजही ठळक आहे. त्या दिवसानंतर दंगल आणि सशस्त्र गुन्हे हाताळण्यासाठी खास राखीव तुकडी उभी राहिली. तिचं प्रशिक्षण फेअरबर्नकडे आलं. त्याची सारी विद्या परक्या सत्तेच्या पोलीस दलात, त्या सत्तेच्या गरजेतून घडली आहे. तिचं मोल करताना ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

चकमकींच्या नोंदी चाळल्यावर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येत होती. बहुतेक गोळीबार चार यार्डांच्या, म्हणजे बारा फुटांच्या आत होत होता. मध्यमवर्गीय घरातल्या दिवाणखान्याची लांबी साधारण एवढीच असते. बहुतेकदा अंधार असे. बोळ, जिना किंवा दाराचा उंबरठा अशी जागा असे. हाताशी वेळ किती? पहिली गोळी सुटायला सेकंदाच्या एक तृतीयांशाहून फार जास्त वेळ लागला, तर ती उडवणारा जिवंत राहण्याची आशा कमी, असा या दोघांचा हिशेब होता. एवढ्या वेळात नळीवरच्या खुणा जुळवणार कोण?

म्हणून त्यांनी खुणांचा नाद सोडला आणि शरीराला हाताशी धरलं.

आपण बोट दाखवतो तेव्हा एक डोळा मिटून नेम धरत नाही. ‘तो बघ’ म्हणत बोट उचलतो आणि ते बरोबर जागी जातं. फेअरबर्न-साइक्स पद्धतीत पिस्तूल हे त्या बोटाच्या जागी असतं. शिकणारा लक्ष्याकडे थेट तोंड करून किंचित वाकून उभा राहतो. हात ताठ आणि खाली असतो, पिस्तूल शरीराच्या बरोबर मध्यरेषेवर. नजर समोरच्या माणसावर, दोन्ही डोळे उघडे. मध्यरेषेवरूनच हात सरळ वर येतो आणि पिस्तूल त्या आकृतीला भिडताच गोळी सुटते. लक्ष्य बाजूला असेल तर हात फिरवायचा नाही, आख्खं शरीर वळवायचं. जुजुत्सू शिकलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. फेक करताना ताकद हाताची नसते, ती कमरेच्या वळणातून येते.

चाप ओढायची रीतही वेगळी. नेमबाजीच्या मैदानावर बोट एकटं काम करतं, बाकी मूठ स्थिर असते. घाबरलेल्या माणसाची मूठ मात्र सगळीच्या सगळी आवळली जाते. मग आवळू द्या, असं फेअरबर्ननं ठरवलं. पूर्ण मूठ दाबून गोळी उडवायची आणि एकेक न उडवता लागोपाठ दोन. शिकवणीची पहिली गोळीही दूरवरच्या वर्तुळावर उडवायची नव्हती. दोन यार्डांवर उभ्या केलेल्या माणसाएवढ्या लक्ष्यापासून सुरुवात व्हायची. पहिल्याच दिवशी गोळ्या जागी लागत आणि शिकणाऱ्याचा हात मोकळा होई. अंतर वाढायचं ते नंतर, टप्प्याटप्प्यानं.

हत्याराबाबतही हाच विचार होता. चिनी शिपायांचे हात लहान म्हणून त्यांना पॉइंट ३८० बोअरचं छोटं कोल्ट पिस्तूल दिलं. पिस्तुलाचा सुरक्षेचा खटका पिन ठोकून कायमचा निकामी केला, कारण गडबडीत माणूस तो काढायला विसरतो. त्याऐवजी नळीच्या खोबणीत काडतूस न भरता पिस्तूल बाळगायचं आणि बाहेर काढता काढता खटकन मागे ओढून भरायचं, अशी शिस्त घातली. घाबरलेला माणूस ज्या ज्या जागी चुकतो, ती प्रत्येक जागा त्यांनी शोधून बंद करत आणली.

यापुढची पायरी म्हणजे अंधाऱ्या खोल्यांचा सराव. शिपायाला आधी पळवायचं, अडथळे ओलांडायला लावायचं, धाप लागली की एका मंद उजेडाच्या घरात सोडायचं. आत काय आहे हे त्याला सांगायचं नाही. पायाखालची जमीन हलते, कानाशी फटाका फुटतो, कोपऱ्यातून आकृती पुढे येते. सगळं दर वेळी नवं, म्हणजे पाठ करून उपयोग नाही. ‘मिस्टरी शूट’ असं या सरावाला नाव होतं. आज जगभरच्या कमांडो दलांत बंद घरातल्या लढाईसाठी खास बांधलेल्या इमारती असतात. त्यांच्या मागे शांघायच्या या खोल्यांचा वारसा आहे.

१९४० मध्ये फेअरबर्न शांघायची नोकरी संपवून मायदेशी परतला. साइक्सही आला. साइक्स शांघायमध्ये कोल्ट आणि रेमिंग्टन या शस्त्र कंपन्यांचा प्रतिनिधी होता आणि पोलिसांच्या राखीव दलातही काम करत असे. वयाची पन्नाशी ओलांडलेल्या या दोघांना लष्करानं स्कॉटलंडमधल्या लोखेलर्टच्या छावणीत कमांडोंच्या शिकवणीवर नेमलं. सकाळी कुस्तीचे पेच, दुपारी पिस्तूल, रात्री अंधारातला सराव, अशा मिश्रणातून ब्रिटनचे छुपे हस्तक तयार झाले. त्यांनी वापरलेला कमांडो खंजीर याच दोघांच्या कल्पनेतून १९४० च्या अखेरीस विल्किन्सन स्वोर्ड कंपनीत आकाराला आला आणि त्याला दोघांचं नाव लागलं. पुढे फेअरबर्न कॅनडात ओंटारिओतल्या ‘कॅम्प एक्स’ या गुप्त केंद्रावर आणि मग अमेरिकेच्या ओएसएस या हेरखात्यात शिकवायला गेला. तिथे रेक्स ॲपलगेट हा तरुण अमेरिकी अधिकारी त्याच्या हाताखाली तयार झाला. ॲपलगेटनं १९४३ मध्ये ‘किल ऑर गेट किल्ड’ हे पुस्तक लिहिलं. हातानं लढणं आणि पिस्तुलानं लढणं या एकाच विद्येच्या दोन शाखा आहेत, हा गुरूचा विचार त्यात पानोपानी आहे.

युद्ध संपल्यावर मात्र या पद्धतीला प्रतिस्पर्धी मिळाला. १९५० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियात जेफ कूपर या निवृत्त मरीन अधिकाऱ्यानं पिस्तुलाच्या खुल्या स्पर्धा सुरू केल्या. नियम थोडे होते. ज्याला जशी उडवायची तशी त्यानं उडवावी, लवकर आणि अचूक उडवणारा जिंकेल. बहुतेक जण कमरेपासून बेधडक उडवत. १९५९ मध्ये जॅक वीव्हर या लॉस एंजेलिसच्या डेप्युटी शेरीफनं पिस्तूल दोन्ही हातांनी धरलं, डोळ्यासमोर आणलं, खुणा पाहिल्या आणि इतरांना मागे टाकलं. कूपरनं त्याचा पवित्रा उचलला. एक पाय मागे, अंग किंचित तिरकं, एका हाताचा रेटा पुढे आणि दुसऱ्याचा ताण मागे. १९७६ मध्ये त्यानं ॲरिझोनात ‘गनसाइट’ ही शाळा काढली आणि ही पद्धत जगभर पोहोचली. तिच्या बाजूनं बोलणारे म्हणतात, सराव पुरेसा असेल तर खुणा पाहायला वेळ मिळतो आणि गोळी भलत्याला लागण्याचा धोका कमी होतो. दाट वस्तीत या मुद्द्याला वजन आहे. फेअरबर्नच्या बाजूचे म्हणतात, सराव पुरेसा असलेला माणूस किती ठिकाणी सापडतो? अंतर लांबलं की खुणा पाहायच्या आणि अगदी जवळ असेल तर बोट रोखल्यासारखं उडवायचं, असं आज बरेच शिक्षक दोन्ही शिकवतात.

या दोन्ही मतांच्या मध्ये आजचा कराटे किंवा ज्युदोचा शिक्षक उभा राहतो, पिस्तूल शिकायला येतो तेव्हा. त्याला काही गोष्टी आयत्या मिळालेल्या असतात. गुडघे वाकवून, वजन किंचित पुढे घेऊन उभं राहायला त्याला सांगावं लागत नाही. दारूगोळ्याविना, रिकाम्या पिस्तुलानं हजार वेळा चाप ओढायचा कंटाळवाणा सराव त्याला ओळखीचा वाटतो, कारण ‘काता’, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या मालिका, त्यानं अशाच घोटलेल्या असतात. शिक्षकाचा शब्द लगेच ऐकायची सवयही कामी येते.

अडचण त्याच्या ताकदीतच असते. ठोसा लागायच्या क्षणी आख्खं शरीर आवळायचं, हे त्यानं वर्षानुवर्षं अंगी बाणवलेलं असतं. पिस्तुलाच्या वेळीही तेच होतं. गोळी सुटायच्या किंचित आधी तो झटक्याचा अंदाज बांधतो, मनगट पुढे लोटतो आणि नळी खाली जाते. उजव्या हाताच्या माणसाची गोळी मग बहुधा लक्ष्याच्या खाली डावीकडे लागते. यावर जुना उपाय आहे. शिक्षक मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांमध्ये मधेच एखादं पोकळ काडतूस घालतो, शिकणाऱ्याला न सांगता. चाप ओढला, आवाज झाला नाही, पण नळी खाली डुचकळली. ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं आणि पुढचा धडा तिथून सुरू होतो. शरीर आवळलेलं आणि एक बोट मोकळं, असं दोन्ही एका वेळी साधणं त्याला सर्वांत अवघड जातं.

दुसरी अडचण त्याहून मोठी. डोजोमध्ये, म्हणजे कराटे-ज्युदोच्या तालमीत, समोर जोडीदार असतो. तो अडवतो, चकवतो, पाडतो. चूक झाली तर काळंनिळं होतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं राहता येतं. पिस्तुलाला असा जोडीदार देता येत नाही. रंग भरलेल्या कमी ताकदीच्या गोळ्या आता निघाल्या आहेत आणि दलांच्या सरावात त्या वापरतात. तरी रेंजवरचा पहिला नियम प्रत्येक पिस्तूल भरलेलं आहे असं मानण्याचा असतो. नळी ज्याच्यावर गोळी झाडायची नाही त्याच्याकडे कधीच वळवायची नाही आणि नेम धरेपर्यंत बोट चापाच्या बाहेर ठेवायचं. जोडीदाराच्या अंगाला हात लावून शिकलेल्या माणसाला हे अंतर पाळायला शिकावं लागतं.

अंतराचा आणखी एक हिशेब १९८३ मध्ये समोर आला. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस शिक्षक डेनिस ट्युलर यांनी घड्याळ लावून पाहिलं. धडधाकट माणूस सुरी घेऊन धावत सुटला, तर २१ फूट तो दीड सेकंदात कापतो. कंबरेचं पिस्तूल काढून दोन गोळ्या उडवायला सराव असलेल्या पोलिसालाही साधारण तेवढाच वेळ लागतो. या साध्या निरीक्षणानं पोलिसी शिकवणीत पाय हलवण्याला, बाजूला होण्याला आणि हातानं अडवण्याला पुन्हा जागा मिळाली. अंतर कमी असेल तर फक्त हत्यार पुरत नाही, हे शांघायच्या बोळांनी आधीच दाखवून दिलं होतं.

नेमबाजीचा खेळ याच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिथे लक्ष्य २५ मीटरवर असतं आणि जिवावर बेतायचा प्रश्न नसतो. तरीही कोल्हापूरच्या राही सरनोबतचा २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तूलचा डाव पाहताना शांघायची आठवण येते. वेगवान फेरीत पिस्तूल एकाच हातात धरायचं असतं. हात खाली तिरका, ४५ अंशांच्या आत. लक्ष्य तीन सेकंदांसाठी खुलं होतं, तेवढ्यात हात सरळ वर येऊन एक गोळी जायला हवी. मग सात सेकंद थांबायचं आणि पुन्हा तेच. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेम्बांगला राही आणि थायलंडची नाफास्वान यांगपायबून यांची ३४ वर बरोबरी झाली. शूट-ऑफमध्ये राही जिंकली आणि आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण घेणारी पहिली भारतीय महिला ठरली. एक हात, एक रेषा, तीन सेकंद. राहीच्या डोळ्यांना मात्र खुणा पाहायला वेळ असतो आणि तिची मूठ आवळलेली नसते.

भारतीय सैनिकांना जवळच्या अंतरावरची नेमबाजी शिकवणाऱ्यांत मुंबईच्या डॉ. सीमा राव यांचं नाव आहे. गोव्याच्या मुक्तिलढ्यात भाग घेतलेले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक रमाकांत सिनारी हे त्यांचे वडील. जीत कुन दो या मार्शल आर्टमध्ये तयार झालेल्या सीमा राव आणि त्यांचे पती दीपक राव यांनी वीस वर्षांहून अधिक काळ सैन्य आणि पोलीस दलांच्या तुकड्यांना मानधनाविना हातघाईची लढाई शिकवली. जवळच्या अंतरावर पटकन गोळी उडवण्याची एक पद्धतही त्यांनी बसवली. मार्च २०१९ मध्ये सीमा राव यांना राष्ट्रपतींच्या हस्ते नारीशक्ती पुरस्कार मिळाला. ओकाडाच्या शाळेतून पिस्तुलाकडे वळलेल्या फेअरबर्नची वाट त्याही चालल्या, पण त्यांच्यासमोर उभे राहिले ते आपल्याच सीमेवर जाणारे जवान.

फेअरबर्नच्या पुस्तकांत एक प्रकरण रिकाम्या हातांचंही आहे. पिस्तूल छातीला टेकवलेलं असेल तर काय करायचं? लांबून रोखलेल्या पिस्तुलापुढे हात निरुपयोगी आहे, पण ते हाताच्या टप्प्यात आलं की डाव फिरू शकतो, असं तो शिकवायचा. अंग नळीच्या रेषेतून बाजूला काढायचं आणि त्याच झटक्यात नळी पकडून दुसरीकडे वळवायची. हजारो सैनिकांनी हा पेच घोटला. आपल्या अंगाला गोळी लागू नये, हा त्याचा हेतू.

मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यात, २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, गिरगाव चौपाटीवर पोलिसांनी हल्लेखोरांची गाडी अडवली, तेव्हा सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हातात लाठी होती. सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावचा हा माणूस आधी सैन्यात होता, मग मुंबई पोलिसांत आला. गाडीतून उतरलेल्या अजमल कसाबच्या हातात एके-४७ होती. ओंबळे यांनी त्या रायफलची नळी धरली. त्यांनी ती आपल्या अंगापासून दूर लोटली नाही. ती पकडून ठेवली, गोळ्या अंगात शिरत असतानाही. तेवढ्या वेळात मागच्या सहकाऱ्यांनी लाठ्यांनी कसाबला खाली पाडलं आणि जिवंत धरलं. ओंबळे तिथेच कोसळले. २००९ च्या प्रजासत्ताकदिनी त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आलं. त्याच वर्षी महाराष्ट्रानं ‘फोर्स वन’ हे कमांडो दल उभं केलं. बंद खोलीत शिरायचं कसं आणि बारा फुटांच्या आत गोळी कशी उडवायची, याचा सराव अशा दलांतले जवान रोज करतात, आणि रिकाम्या हातानं नळी कशी धरायची याचाही.